टर्बो सेडानचे उतारवय : प्रस्तावना

टर्बोचार्जर हा इंजिनाच्या धुरावर चालणारा पंखा आहे. सिलिंडरमधून बाहेर पडणारा तप्त वायू एक चक्र फिरवतो आणि त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाचे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त आणि म्हणून लहान इंजिनातून मोठ्या इंजिनाची ताकद. पूर्ण जोरात हा दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. पेट्रोल इंजिनात त्याच्या एका अंगाचा वायू ९०० अंश सेल्सियसच्या वर जातो, दुसऱ्या अंगाला मात्र रस्त्यावरची साधी हवा असते. या दोन टोकांमधल्या चार बोटांच्या जागेत दांडा तोलून धरतो तो तेलाचा केसाहून पातळ थर. नव्या गाडीत हा सगळा कारभार बिनबोभाट चालतो. गाडी दहा-बारा वर्षांची झाली की त्याची बिले येऊ लागतात आणि ती नेमकी कशाची आहेत, हे मालकाला क्वचितच समजते.

गॅरेजमध्ये अशा गाडीवरचा पहिला शेरा ठरलेला असतो: टर्बो गेला. पिकअप नाही, काळा धूर येतो, शिट्टी वाजते, इंजिनाचा दिवा लागलाय, सगळ्याचे निदान एकच. प्रत्यक्षात टर्बो बहुधा सर्वांत शेवटी जातो. त्याआधी तेल जळून चिकट झालेले असते, रबरी पाइप सैल झालेला असतो, व्हॅक्यूमची बारीक नळी तडकलेली असते, नाहीतर एखादा सेन्सर भलताच आकडा सांगत असतो. मूळ कारण तसेच ठेवून नवा टर्बो बसवला तर तोही थोड्याच दिवसांत जुन्याच्या वाटेने जातो. हे पुस्तक या निरीक्षणाभोवती उभे आहे. त्याला जोडून दुसरे निरीक्षण खर्चाचे: जुन्या गाडीची किंमत उतरते, तिच्या सुट्या भागांची उतरत नाही.

स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने १९०५ मध्ये या कल्पनेचे पेटंट घेतले. जहाजे, विमाने आणि आगगाड्या यांनी ती आधी उचलली. विक्रीच्या मोटारींपर्यंत यायला १९६२ साल उजाडले. त्या वर्षी अमेरिकेत जनरल मोटर्सने ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हर्ले कॉर्व्हेअर अशा दोन गाड्यांना टर्बो दिला. जेटफायरचे पुढे जे झाले ते आजच्या मालकानेही वाचण्यासारखे आहे. इंजिनाने ठोके देऊ नयेत म्हणून तिच्यात डिस्टिल्ड पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीतून सोडले जाई. टाकी रिकामी झाली की गाडीची ताकद आपोआप कमी होई. मालक टाकी भरायचे विसरत, मग गाडी ओढत नाही म्हणून तक्रार करत. अखेर कंपनीने टर्बो काढून साधा कार्बुरेटर बसवून देण्याची सोय केली. टर्बो मोटारीच्या इतिहासातली ही पहिली मोठी तक्रार देखभालीच्या सवयीतून आली होती आणि त्यानंतरच्या बहुतेक तक्रारींचे मूळही तिथेच सापडते.

१९७३ मध्ये बीएमडब्ल्यूची २००२ टर्बो आली ती नेमकी तेलसंकटाच्या तोंडावर, त्यामुळे तिची धाव थोडक्यात आटोपली. सत्तरच्या दशकाच्या शेवटी स्वीडनच्या साबने ९९ टर्बो आणली. दाब एका मर्यादेपलीकडे गेला की जादा वायू परस्पर बाहेर सोडणारी झडप, म्हणजे वेस्टगेट, तिने नीट वापरली आणि टर्बो घरगुती गाडीत शोभू लागला. १९७८ मध्ये मर्सिडीजने अमेरिकेच्या बाजारासाठी ३०० एसडी ही टर्बो डिझेल सेडान काढली. पुढे कॉमन रेल इंधनप्रणाली आली आणि डिझेल गाडीला टर्बो नसणे हाच अपवाद झाला.

मुंबईच्या दादर-परळ पट्ट्यात टर्बो मोटारींच्या आधी रुळांवरून आला. १९६२ पासून भारतीय रेल्वेवर आलेली अल्को बनावटीची डब्ल्यूडीएम-२ डिझेल इंजिने टर्बोचार्ज केलेली होती आणि हिंदमाता चौकापासून जवळच असलेल्या मध्य रेल्वेच्या परळ वर्कशॉपमध्ये पुढे डिझेल इंजिनांची मोठी दुरुस्ती होत आली. बाहेर डॉ. बाबासाहेब आंबेडकर रस्त्यावर मात्र कुर्ल्यात बनलेल्या पद्मिनीचे राज्य होते. कार्बुरेटर, पॉइंट आणि प्लग एवढ्यात तिचे दुखणे मावत असे आणि ते कानाने ऐकून, बोटाने चाचपून सांगणाऱ्या मेकॅनिकांची एक पूर्ण पिढी तिने घडवली. काळी-पिवळी पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून निघून गेली. त्या पिढीचे शिष्य आजही गॅरेजांत आहेत आणि टर्बो सेडानची पहिली तपासणी बहुधा त्यांच्याच हातून होते.

भारतीय टर्बो सेडानचा इतिहास बराचसा महाराष्ट्राच्या औद्योगिक वसाहतींत घडला. स्कोडाने २००१ मध्ये औरंगाबादजवळच्या शेंद्र्यातून ऑक्टाव्हिया बाजारात आणली. तिचे १.९ टीडीआय डिझेल इंजिन मुंबई-पुणे रस्त्यावर दंतकथा झाले. पाठोपाठ १.८ लिटर टर्बो पेट्रोलची ऑक्टाव्हिया आरएस आली आणि वेगाच्या शौकिनांची पहिली देशी पिढी तिने तयार केली. २००२ मध्ये ह्युंदाईची अ‍ॅक्सेंट सीआरडीआय आली. चाकणला फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला. तिथली व्हेंटो २०१० ची आणि तिची १.२ टीएसआय आवृत्ती २०१३ ची. दरम्यान लॉरा आणि सुपर्बमध्ये १.८ टीएसआय आले. चार मीटरपेक्षा कमी लांबी आणि छोटे इंजिन असलेल्या गाडीला कमी कर, या सरकारी धोरणाने छोट्या टर्बोला आणखी वाव दिला. टाटांची झेस्ट ही त्याच धोरणातून २०१४ मध्ये आलेली सेडान.

रांजणगावचा तपशील वेगळा काढून सांगण्याजोगा आहे, कारण जुन्या गाडीच्या अर्थशास्त्राचा अर्धा भाग त्यात येतो. फियाटचे १.३ मल्टीजेट डिझेल इंजिन तिथे बनले. त्याच इंजिनाची परवान्याखालची आवृत्ती मारुती सुझुकी मानेसरला बनवत होती. स्विफ्ट डिझायर, एसएक्स-४, लिनिया, मांझा, झेस्ट अशा कितीतरी सेडानांत ते बसले आणि लोक त्याला थट्टेने राष्ट्रीय इंजिन म्हणू लागले. या इंजिनाचा टर्बो, इंजेक्टर, टायमिंग चेन, यांतले काहीही आज कुठल्याही शहरात मिळते, आणि हात लावायला घाबरणारा मेकॅनिक सापडणे कठीण. त्याच रांजणगावात जुळणी झालेली लिनिया टी-जेट २०१० मध्ये आली. १.४ लिटरचे टर्बो पेट्रोल, चालवायला सुरेख. पण ती मोजक्याच लोकांनी घेतली आणि फियाटने पुढे भारतातल्या प्रवासी गाड्याच बंद केल्या. एका छताखाली बनलेल्या दोन सेडान, एक मल्टीजेटची आणि एक टी-जेट; पंधरा वर्षांनी एकीचा भाग संध्याकाळपर्यंत हातात पडतो, दुसरीचा शोधत फिरावे लागते. गाडी किती चांगली आहे यापेक्षा ती किती खपली, यावर तिचे म्हातारपण ठरते. जाणकार हे सांगतात, पण विकत घेताना विसरतात.

टर्बो इंजिनाचे वय किलोमीटरमध्ये मोजणे मुंबईत फसवे ठरते. तेल बदलण्याची कंपनीची शिफारस पुष्कळ गाड्यांत १५,००० किलोमीटर किंवा एक वर्ष अशी असते. द्रुतगती मार्गावर ताशी ६० च्या सरासरीने हे अंतर २५० तासांत संपते. लालबाग ते दादर अशा रांगेत, ताशी १५ च्या सरासरीने, त्याच अंतराला हजार तास लागतात. इंजिन चौपट चालले, मीटरवर मात्र आकडा तोच. त्यात छोट्या फेऱ्यांत तेल पुरते तापत नाही. न जळलेले पेट्रोल आणि वाफ त्यात मिसळत राहते. तेल पातळ होते, मग काळ्या गाळात बदलते आणि टर्बोला तेल नेणाऱ्या बारीक नळीत तो गाळ बसतो. दांड्याचा तेलाचा थर तुटतो तो इथे. म्हणून शहरात चालणाऱ्या जुन्या टर्बोला शिफारशीच्या निम्म्या अंतरावर तेल बदलणे, आणि तेही गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या दर्जाचेच, हा सर्वांत स्वस्त विमा आहे.

उलट चूक घाटात होते. खंडाळ्याचा चढ जोरात चढून आलेली गाडी घाटमाथ्यावर थांबते आणि वडापावच्या घाईत चावी लगेच बंद होते. टर्बोचे लोखंडी कवच तेव्हा भट्टीसारखे तापलेले असते. तेलाचा पंप बंद पडल्यामुळे आत अडकलेले तेल जागच्या जागी भाजून कोळसा होते. मिनिटभर इंजिन तसेच चालू ठेवले तर हे टळते. पुढच्या काळातल्या अनेक गाड्यांत इंजिन बंद झाल्यावरही पाणी फिरवत ठेवणारा छोटा विजेचा पंप असतो. गाडी बंद करूनही बॉनेटखालून घरघर ऐकू येते ती त्याची किंवा पंख्याची. ती तक्रार म्हणून गॅरेजला नेण्याचे कारण नाही. तो पंप म्हाताऱ्या गाडीत मुकाट्याने बंद पडतो, तेव्हा मात्र कोणालाच काही ऐकू येत नाही.

टर्बो खरोखर झिजला आहे का, हे पाहण्याची जुनी पद्धत अजूनही उत्तम आहे. इंजिन थंड असताना हवेचा पाइप काढायचा, दोन बोटांत चक्राचे टोक धरायचे आणि हलवून पाहायचे. आडवे किंचित हलले तर चालते. तेलाच्या थरासाठी तेवढी मोकळीक ठेवलेलीच असते. दांडा पुढे-मागे सरकला, किंवा चक्राची पाती कवचाला घासल्याची चकचकीत रेघ दिसली, तर टर्बो कामातून गेला. पाइपमध्ये तेलाचा हलका ओलावा दिसला म्हणून घाबरायचे नसते. दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरमधून वाटीभर तेल निघाले तर मात्र शोध घ्यावा लागतो. हा शोधही थेट टर्बोपाशी थांबू नये, कारण इंजिनाच्या श्वसनझडपेचा फाटलेला पडदासुद्धा तेल तिथे ढकलतो.

धुराची भाषा शिकायला सोपी आहे. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे. काळा म्हणजे इंधनाच्या मानाने हवा कमी पडते आहे, बहुधा कुठेतरी दाब गळतो आहे. गरम इंजिनातूनही पांढरा धूर येत राहिला आणि पाणी कमी होत गेले, तर हेड गॅस्केटकडे पाहावे लागते. गाडी अचानक जड होऊन ठरावीक वेगाच्या वर जाईनाशी होते, त्या अवस्थेला लिंप मोड म्हणतात. इंजिन स्वतःला वाचवण्यासाठी ताकद आखडते. स्कॅनर लावला की बऱ्याचदा पी०२९९ हा कोड निघतो. दाब अपेक्षेपेक्षा कमी, एवढाच त्याचा अर्थ. तो कमी का, हे कोड सांगत नाही आणि गॅरेजमधली निम्मी भांडणे या फरकावरून होतात.

डिझेलमध्ये टर्बोच्या हलत्या पाकळ्या काजळीने अडकतात आणि थोडा धूर परत इंजिनात सोडणारी ईजीआर झडप चोंदते. सिलिंडरमध्ये थेट इंधन फवारणाऱ्या पेट्रोल इंजिनांत दुसरा प्रकार होतो. पूर्वी पेट्रोल इनटेक व्हॉल्व्हवरून जाताना त्यांना धुऊन काढत असे. आता ते तिथून जातच नाही, म्हणून व्हॉल्व्हच्या मानेवर कार्बनचे थर चढतात. सकाळी गाडी थरथरत सुरू होते. १.८ टीएसआयच्या आधीच्या पिढ्यांत टायमिंग चेनचा टेन्शनर, तेल खाणाऱ्या पिस्टन रिंगा आणि प्लास्टिकच्या वॉटर पंपाची गळती ही जगभर नोंदलेली दुखणी आहेत. थंड इंजिन सुरू करताच दोन-तीन सेकंद साखळीचा खडखडाट आला तर ती सूचना मानावी. चेन सुटली तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात.

गिअरबॉक्सचा विषय टर्बोचा नसला तरी टर्बो सेडानपासून तोडता येत नाही. व्हेंटो, ऑक्टाव्हिया, सुपर्बमधला सात गिअरांचा कोरड्या क्लचचा डीएसजी मोकळ्या रस्त्यावर अप्रतिम चालतो. मुंबईच्या रांगेत तो पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये सतत हेलकावे खातो, क्लच तापतो आणि गिअर बदलणारे मेकाट्रॉनिक युनिट वयोमानाने थकते. चालकाने पुढच्या गाडीच्या शेपटाला चिकटून इंचाइंचाने सरकण्याऐवजी थोडी जागा सुटू दिली आणि मगच गाडी पुढे घेतली तर क्लचचे आयुष्य वाढते. मागून हॉर्न वाजवणाऱ्यांना हे पटवणे वेगळे.

आता पाणी. हिंदमाता हा भाग बशीसारखा खोलगट आहे. भोवतालच्या उंचवट्यांचे पाणी इथे जमते आणि भरतीच्या वेळी समुद्राकडे जाणारे नाले ते लवकर सोडत नाहीत. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा तर अख्खी मुंबईच बुडाली; हिंदमाता चौकाला मात्र पाणी तुंबण्यासाठी इतक्या पावसाची कधीच गरज लागली नव्हती. ब्रिटानिया पंपिंग स्टेशन २०१६ मध्ये सुरू झाले. त्यानंतर महापालिकेने प्रमोद महाजन कलापार्क आणि सेंट झेवियर्स मैदान इथे जमिनीखाली साठवण टाक्या बांधल्या आणि हिंदमाता व परळ उड्डाणपुलांमधला रस्ता उंच करून ते जोडले. पाणी आता पूर्वीपेक्षा लवकर ओसरते. मुसळधार पाऊस आणि भरती एकत्र आली की कापडबाजाराच्या दुकानदारांची नजर अजूनही उंबऱ्यावर असते आणि पुलाखालून जाणाऱ्या गाड्या कडेला थबकतात.

टर्बो सेडानसाठी हे पाणी साध्या गाडीपेक्षा जास्त धोक्याचे आहे. सेडान मुळात ठेंगणी. तिचा इंटरकूलर बहुधा पुढच्या बंपरमागे, खाली बसवलेला असतो आणि त्याच्याकडे जाणारे-येणारे पाइप त्याहून खाली वळसा घेतात. नव्या गाडीत ही वाट पूर्ण बंद असते. दहा वर्षांत रबर कडक होते, क्लिप सैल पडते, खड्ड्यात घासलेल्या इंटरकूलरला चीर गेलेली असते. अशी गाडी गुडघाभर पाण्यात हळू चालू लागली की बॉनेटजवळचे हवेचे तोंड कोरडे असूनही खालच्या फटीतून पाणी ओढले जाऊ शकते. पाणी दाबले जात नाही. पिस्टन वर येतो, अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. बंद पडलेली गाडी पाण्यातच पुन्हा सुरू करण्याचा हट्ट हा सर्वांत महाग हट्ट. ढकलून बाहेर काढावी, टो करून न्यावी, प्लग किंवा इंजेक्टर काढून सिलिंडर रिकामे करावेत आणि मगच क्रँक फिरवावा. तापलेल्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर थंड पाणी उडाले तर त्याला तडा जाऊ शकतो. तो कळायला पावसाळा संपून दिवाळी येते. साध्या सर्वंकष विमा पॉलिसीत पाण्यात इंजिन चालवून झालेले असे नुकसान सहसा धरले जात नाही. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोडणी घ्यावी लागते आणि जुन्या गाडीला ती द्यायला कंपन्या तयार नसतात.

दुरुस्तीच्या क्षेत्रात ठळक असे चार पंथ दिसतात. अधिकृत सेवाकेंद्राचा पंथ भाग बदलण्यावर उभा आहे: पूर्ण जोडणी काढा, नवी बसवा, हमी द्या. काम स्वच्छ, बिल जड. दुसरा पंथ स्वतंत्र वर्कशॉपचा. तिथले लोक बऱ्याचदा आधी अधिकृत केंद्रात काम केलेले असतात. त्यांच्याकडे स्कॅनर असतो, धुराची चाचणी करून गळती शोधण्याचे यंत्र असते आणि एकाच जातीच्या गाड्या हाताळून आलेला सराव असतो. जुन्या टर्बो सेडानच्या मालकाला पहिला शोध अशा माणसाचा घ्यावा लागतो. तिसरा पंथ गल्लीतल्या गॅरेजचा आणि जुन्या बाजाराचा. पूर्ण टर्बोऐवजी त्याचा आतला कार्ट्रिज तेवढा बदलायचा, इंजेक्टर दुरुस्त करून घ्यायचे, ऑपेरा हाउसच्या दुकानांतून दुसऱ्या बनावटीचा भाग आणायचा, नाहीतर कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मोडीत निघालेल्या गाडीचा सोडवून आणायचा. या पंथाला नावे ठेवणे सोपे आहे, पण कार्ट्रिज नीट संतुलित केलेला असेल तर काम वर्षानुवर्षे टिकते; तो संतुलित आहे की नाही हे मालकाला डोळ्यांनी दिसत नाही, एवढीच अडचण. चौथा पंथ रिमॅपवाल्यांचा. संगणकातला प्रोग्रॅम बदलून दाब वाढवायचा आणि तीस-चाळीस घोडे जास्तीचे काढायचे. तरुण, निरोगी इंजिनात हे खपते. दीड लाख किलोमीटर झालेल्या, मूळ क्लच आणि मूळ पाइप असलेल्या गाडीत ते करणे म्हणजे दुरुस्तीची तारीख अलीकडे आणणे.

आता खर्चाकडे. समजा तीन लाखांना घेतलेली १.८ लिटरची टर्बो पेट्रोल सेडान शहरात लिटरला ८ किलोमीटर देते आणि महिन्याला ६०० किलोमीटर चालते. महिन्याला ७५ लिटर पेट्रोल लागले. मुंबईत २०२१ च्या मे अखेरीपासून पेट्रोल लिटरला शंभराच्या वरच राहिले आहे. १०३ रुपये धरले तरी वर्षाला सुमारे ९३,००० रुपये होतात, म्हणजे चार वर्षांच्या आत पेट्रोलच गाडीच्या किमतीला मागे टाकते. २०२२ पासूनच्या दरांनुसार १५०० सीसीच्या वरच्या गाडीचा तृतीयपक्ष विमा ७,८९७ रुपये आहे, १००० ते १५०० सीसीसाठी ३,४१६, त्यामुळे १.२ किंवा १.४ लिटरचा टर्बो इथे निम्म्यात सुटतो. दाव्याच्या वेळी रबर आणि प्लास्टिकच्या भागांवर सरसकट निम्मी घट धरली जाते आणि टर्बो गाडीत नेमके तेच भाग जास्त असतात.

दुरुस्तीचा खर्च मोजताना फसगत अशी होते की मालक तो गाडीच्या आजच्या भावाशी ताडून पाहतो. क्लच पॅक, मेकाट्रॉनिक, टर्बो आणि टायमिंग चेन ही कामे गाडी नवी असताना वीस लाखांच्या मापाने ठरली होती. गाडी तीन लाखांवर आली म्हणून ती स्वस्त होत नाहीत. म्हणून स्वस्तात मिळालेली मोठी टर्बो सेडान घेताना किमतीचा किमान चौथा हिस्सा पहिल्या वर्षाच्या कामांसाठी बाजूला काढावा. तेवढी गुंजाइश नसेल तर ती गाडी स्वस्त नव्हतीच. किरकोळ वाटणारा एक खर्च गिरणगावातल्या मालकांच्या चांगल्या परिचयाचा आहे: आठवडाभर ताडपत्रीखाली उभ्या गाडीत घुसून उंदीर वायरिंग कुरतडतात. एका सेन्सरची वायर तुटते, गाडी लिंप मोडमध्ये जाते आणि निदान पुन्हा तेच होते, टर्बो गेला.

हा विषय आत्ता निकडीचा होण्यामागे तीन कारणे एकत्र आली आहेत. एक, २०१० ते २०१५ या भरभराटीच्या वर्षांत नोंदलेल्या टर्बो सेडान २०२५ ते २०३० मध्ये पंधरा वर्षे पूर्ण करतात. खासगी गाडीचे आरसी पंधरा वर्षांचे; पुढे ताडदेव, वडाळा, अंधेरी किंवा बोरिवलीच्या आरटीओत तपासणी करून पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते, आणि महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण कर भरावा लागतो. केंद्राने पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० केले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी १०,००० केले. दोन, दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवरच्या निर्बंधांमुळे तिकडच्या गाड्या ना-हरकत दाखल्यासह इतर राज्यांत विकल्या जातात. उत्तम दिसणारी, कमी चाललेली आणि विचित्र स्वस्त सेडान बऱ्याचदा या वाटेने आलेली असते. तीन, पेट्रोलमधले इथेनॉल २० टक्क्यांवर गेले आहे. इथेनॉल जुन्या रबरी नळ्या आणि सील यांच्याशी जुळवून घेत नाही. काही जुन्या गाड्यांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर असे भाग बदलावे लागू शकतात, हे सरकारनेही मान्य केले आहे. थेट फवारणीच्या इंजिनात इंधनाचा दाब शंभर बारच्या वर असतो. तिथली गळती थेंबाथेंबाची राहत नाही.

शिवाय या गाड्यांना वारस उरलेले नाहीत. एप्रिल २०२० च्या बीएस-६ नियमांनी राष्ट्रीय इंजिन संपवले आणि फोक्सवॅगन-स्कोडाची डिझेल इंजिनेही भारतात थांबली. ऑक्टाव्हिया २०२३ मध्ये बंद झाली. २०२२ च्या स्लाव्हिया आणि व्हर्टस, २०२३ ची टर्बो व्हर्ना असे अपवाद सोडले तर गिऱ्हाईक उंच गाड्यांकडे वळले आहे. ज्याला मोठी, शांत, घाटात पळणारी सेडान हवी आहे आणि खिसा मध्यम आहे, त्याच्यासमोर आज जुन्या बाजाराखेरीज दुसरे दार नाही. अटल सेतू आणि सागरी किनारा मार्ग झाल्यापासून दादर-परळच्या माणसाला अशी गाडी मोकळी सोडण्याची जागाही घराजवळ मिळाली आहे. टर्बोच्या तब्येतीला आठवड्यातून एकदा ते हवेच असते, आणि २०२० नंतरच्या डिझेलमधल्या काजळीच्या गाळणीला तर त्याहून जास्त.

या पार्श्वभूमीवर या पुस्तकाने लक्षणाकडून कारणाकडे जाण्याची रीत धरली आहे. वाचकाच्या हातात पाना नसतो. त्याच्या कानावर आवाज, नाकावर वास आणि हातात बिल असते. म्हणून मांडणी तिथून सुरू होते आणि प्रत्येक ठिकाणी आधी स्वस्त कारणे, मग महाग, असा क्रम ठेवला आहे: पाच रुपयांची क्लिप तपासून झाल्याखेरीज टर्बोचे नाव काढायचे नाही. जुनी गाडी घेताना काय पाहावे, याला यात मोठी जागा आहे. थंड इंजिन स्वतःच्या समोर सुरू करून घेणे, सर्व्हिसच्या नोंदी तारखेनिशी पाहणे, विमा-दाव्यांचा इतिहास मागणे, आणि पुरात बुडालेली गाडी ओळखण्यासाठी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर गाळाची रेघ आहे का ते बघणे, अशा गोष्टी त्यात येतात. मुंबईच्या २००५ च्या आणि चेन्नईच्या २०१५ च्या पुरानंतर बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून दूरच्या शहरांत विकल्या गेल्या. हा व्यवहार थांबलेला नाही.

सुट्या भागांच्या किमतींचा तक्ता या पुस्तकात मुद्दाम दिलेला नाही. छापून बाहेर पडेपर्यंत तो शिळा होतो, आणि एकाच भागाचे अधिकृत केंद्र, ऑपेरा हाउस आणि कुर्ला असे तीन भाव असतात. त्याऐवजी कोणते काम कशासोबत करून घ्यावे म्हणजे मजुरी एकदाच लागेल, हे सांगितले आहे: गिअरबॉक्स उतरवलाच आहे तर मागचे ऑइल सील, चेनसाठी पुढचा भाग उघडलाच आहे तर वॉटर पंप, टर्बो काढलाच आहे तर तेलाची नळी नवी. घरच्या घरी इंजिन खोलण्याचे मार्गदर्शन इथे नाही. विजेच्या आणि हायब्रिड गाड्याही कक्षेबाहेर ठेवल्या आहेत. शेवटचा भाग गाडी सोडून देण्याचा आहे: नूतनीकरणाच्या तपासणीआधी कोणती कामे करून घेण्यात अर्थ आहे, कोणत्या टप्प्यावर नोंदणीकृत भंगार केंद्रात गाडी देऊन ठेव प्रमाणपत्र घेणे परवडते, आणि आरसी रद्द झाल्याची नोंद झाल्याशिवाय चावी कोणाच्या हाती का देऊ नये.